काकूंची वाहिनी

सोमवार, गुरुवार आणि शनिवार, या तिन्ही दिवशी आमची कन्नड वाहिनी बंद होती. जबाबदार केबल कंपनी आणि कोल्हापुरातील तिचा माणूस, असे मी याच वृत्तपत्राला तीन पत्रांत लिहिले. हा माणूस सेट-टॉप बॉक्स थोपटतो आणि म्हणतो, “काका, वरनंच बंद केलंय की. माझ्या हातात काय न्हाय.” कोणत्या नियमान्वये, असे विचारले की छताकडे पाहतो.

पक्षाघातानंतर माझ्या पत्नीला माहेरची कन्नडच तेवढी समजते. काल त्याने स्वतःच्या घरचा, ही वाहिनी चालू असलेला बॉक्स आणून जोडला. “बघू द्या काकूंना. ह्येचं तेवढं पत्र लिहू नका, नोकरी जाईल.”

दुसऱ्याच्या नावावरील बॉक्स वापरणे नियमबाह्य आहे. मी तो काढायला लावला नाही. येथे त्याचे नाव देत नाही. आयुष्यात प्रथमच मजकुराखाली माझीही सही नाही. मात्र वाहिनी कोणी व का बंद केली, याचे उत्तर कंपनीने जाहीरपणे, सहीनिशी द्यावे.