वाय-फायचा कडेकोट बंदोबस्त

सांगू की नको, असं दोन महिने चाललं होतं माझं. पण बाबांनी ही गोष्ट अहमदपूरच्या बसस्टँडपर्यंत पोचवलीच आहे, तर म्हटलं, निदान खरी तरी माझ्या तोंडून ऐका. माती मीच खाल्ली, हे आधीच कबूल करते!

माझे बाबा निवृत्त मास्तर. घरी आलेल्या माणसाला ते आधी पाणी देतात, मग चहा, मग वाय-फायचा पासवर्ड. मागावाही लागत नाही! मी कॉम्प्युटर शिकलेली मुलगी. नेट म्हणजे गल्लीतला हातपंप नव्हे, हे या माणसाला किती वेळा सांगायचं?

त्या दिवशी अकरा वाजता माझी पुण्याच्या एका कंपनीत ऑनलाइन मुलाखत होती. नेटवर्क सांभाळायची नोकरी. वर्षभर अर्ज केल्यावर आलेली पहिलीच! सकाळी सराव म्हणून मैत्रिणीला व्हिडिओ कॉल लावला, तर स्क्रीनवर माझं तोंड उघडं ते उघडंच अडकलं. राउटरच्या सेटिंग्ज उघडल्या. एकवीस उपकरणं जोडलेली! आमच्या घरात तीन.

"बाबा, हे 'महानंदा टीव्ही' काय आहे?"

"समोरच्या काकूचा टीव्ही. सकाळी प्रवचन बघतेत बिचाऱ्या."

"आपल्या नेटवर?"

"मग काय झालं? तिथवर पोचून राहिलंय, तर पोचू दे की माय!"

"आणि 'टेलर दोन'? टेलर एक कुठं गेला?"

"त्याचा पहिला फोन फुटला."

सांगा, डोकं फिरणार नाही तर काय होणार?

मी बाह्या सरसावल्या. आधी पॅकेट फिल्टर लावला, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या डेटाच्या प्रत्येक पुडक्याची झडती. मग गल्लीची अठराच्या अठरा उपकरणं वेचून एका यादीत टाकली. मागे बाबांची वकिली चालूच.

"टेलरला नको काढू गं, त्याची पोरगी दहावीला हाय."

"बाबा!"

"बरं, काकूला तरी राहू दे. काल शेंगदाण्याची पोळी दिली तिनं."

"बाबा, तुम्ही एकदम गप्प बसा!" असं ओरडत मी सेव्हचं बटण दाबलं.

आणि नेट गेलं. लॅपटॉपवर बंद, माझ्या फोनवर बंद, बाबांच्याही फोनवर बंद. वायर खुपसून पाहिली, तरी तेच. मोबाईलवर बोलता येतं, पण त्याचा डेटा आमच्या घरात कधी आलाच नाही. घड्याळात पावणेअकरा!

आम्हाला नेट देणाऱ्या केबलवाल्या भाऊंना मी फोन करून झापायला सुरुवात केली.

"ताई, लाइन चालू हाय की," ते म्हणाले. "तुमच्याकडं तर डेटा धो-धो जाऊन राहिलाय."

"खोटं बोलू नका! इथं एक थेंब नाही!"

तेवढ्यात महानंदाकाकू दारात. चेहरा फुललेला. "प्रज्ञा, काय जादू केलीस गं? टीव्ही लई झकास चालून राहिलाय! कुठंच अडकंना!"

आपण नेमकं काय दाबलं, ते मी आठवून पाहिलं.

त्या यादीला दोन नियम लावता येतात. एक, 'यांना आत सोडू नका'. दुसरा, 'फक्त यांनाच आत सोडा'. भांडणाच्या भरात मी दुसरा लावला होता. अख्खी गल्ली आत, आणि बंदी फक्त आमच्या घराला!

आता नियम बदलायचा तर यादीतलंच उपकरण हवं. त्यात आमचा राउटर नियम बदलला की बंद पडून पुन्हा सुरू व्हायला पाच मिनिटं घेतो. अकराला तीनच मिनिटं कमी होती.

"काकू, तुमचा फोन द्या! तुम्हाला समद्यांना नेट देऊन मी स्वतःलाच बंदी घातलीय!"

"घे की. पण घरी चल, चार्जिंगला लावलाय."

तर अशी मी, इस्त्रीच्या ड्रेसमध्ये, काकूंच्या स्वयंपाकघरात, प्लगशेजारी पाटावर. स्क्रीनवर नाव 'महानंदा'.

"महानंदा मॅडम?" मुलाखत घेणारे साहेब.

"नाही सर, प्रज्ञा. फोन शेजारच्यांचा आहे."

"बरं. घरचा राउटर सुरक्षित कसा कराल?"

हा प्रश्न! मी सुटलेच. पासवर्ड, पॅकेट फिल्टर, कोणाला आत घ्यायचं, कोणाला बाहेर ठेवायचं, सगळं धडाधड सांगितलं. साहेब मान डोलवत होते.

"छान. मग तुम्ही शेजाऱ्यांकडे का बसलात? घरी नेट नाही?"

मी काहीतरी सारवासारव करणार, तोवर कढईतून उलथनं काढत काकू बोलल्याच. "हाय की साहेब! हे तिचंच नेट हाय. पण तिनं आम्हाला समद्यांना दिलंय न् स्वतःला बंदी घातलीय. लई गुणाची पोरगी हाय!"

पलीकडे खुर्ची करकरल्याचा आवाज. साहेब हसता हसता मागे रेलले होते.

नोकरी लागली हो, लागली! नेमणुकीच्या पत्रात माझ्यासाठी एक वेगळी ओळ मात्र घातलेली आहे: पहिले सहा महिने उमेदवाराने कोणत्याही राउटरला हात लावू नये.