मशिनींचा आराम

घाटंजीच्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात राजदीप कॉम्प्युटर सांभाळायचा. तीन मोठ्या मशिनी होत्या, आणि तपासणी, औषधं, वार्ड असे दवाखान्याचे सगळे सर्व्हर त्या तिघींच्या पोटात राहायचे. त्या सर्व्हरांना उठवणारं, निजवणारं, एकीतून दुसरीत हलवणारं एक सॉफ्टवेअर होतं. ते ठेवायचं कुठं, हाच त्या वर्षी राजदीपपुढचा प्रश्न. शहाणा माणूस ते वेगळ्या मशीनवर ठेवतो. किल्ली आत ठेवून कोणी कुलूप लावत नाही. तशी एक मशीन शिल्लकही होती.

पण ते वर्ष फवारणीच्या विषबाधेचं. कपाशीची पऱ्हाटी डोक्याच्या वर गेलेली, औषध जहाल, आणि फवारणारा मजूर त्यातच न्हायलेला. रोज माणसं यायची, डोळ्यांपुढं अंधारी आलेली, तोंडाला फेस आलेली. एका खाटेवर दोघं दोघं. केसपेपरांची अदलाबदल व्हायला लागली, तेव्हा साधना सिस्टर राजदीपच्या दारात येऊन उभी राहिली.

"ती मशीन मले दे. कोणाले इंजेक्शन केव्हा देलं, हे कागदावर नाही जमून राह्यलं. कमी पडलं तं इख चढते, जास्त झालं तं माणूस बरळते."

राजदीपनं मशीन वार्डाला दिली आणि ते सॉफ्टवेअर तिघींच्याच पोटात टाकलं. चुकलं म्हणता? तुम्ही काय केलं असतं ते आधी सांगा, मग बोला.

त्याच वार्डात त्याच्या वस्तीतले नागोरावकाका होते. बाप गेल्यावर राजदीपला त्यांनीच वाढवलेलं. दर दसऱ्याला दोघं मिळून नागपूरला दीक्षाभूमीवर जायचे. या खेपेला काका खाटेवर, पण शुद्धीवर आलेले.

"तू जाय बाप्पा," ते म्हणाले. "माह्या वाट्याचेही हात जोडजो. मी सुधरून राह्यलो आता."

राजदीप गेला, आणि इकडे खांडेनवमी उजाडली. दवाखान्याचा जुना वायरमन रामराव दर नवमीला पंप, जनरेटर बंद करून पुसायचा, हळदकुंकू लावायचा, झेंडू वाहायचा. कॉम्प्युटरच्या खोलीत तो कधी शिरला नव्हता. त्या वर्षी त्याचा जीव कळवळला. रातदिवस राबणाऱ्या या मशिनी, आणि यांनाच पूजा नाही? त्यानं मायेनं बटणं बंद केली, घडीभर आराम दिला, पाया पडला आणि पुन्हा चालू केली. पंखे घरघरले, दिवे लागले. पोटातलं मात्र कोणीच उठलं नाही, कारण उठवणारंही तिथंच निजलेलं.

वार्डातली मशीन चालू होती, पण तिच्या नोंदी या तिघींच्याच पोटात, म्हणून स्क्रीन कोरा. नर्सांची पाळी बदललेली, कोणाला किती दिलं ते कोणालाच सांगता येईना. साधनानं फोनवर फोन लावले. नागपूरच्या त्या गर्दीत कुठला लागतो? शेवटी ती खाटेखाटेशी जाऊन, डोळ्यांच्या बाहुल्या पाहून, अंदाजानं इंजेक्शन देत राहिली. संध्याकाळी एकदाचा फोन लागला आणि चार शब्दांत तुटला. राजदीप गाडी शोधायला धावला. थेट मशिनींवर जाऊन पोटातल्या एकेकाला उठवायची रीत होती, पण ती त्यानं कोणाला कधी दाखवलीच नव्हती.

मिळेल त्या गाडीनं तो दसऱ्याच्या सकाळी पोचला. मशिनींवरचे झेंडू बाजूला केले आणि एकेक सर्व्हर उठवला. काम तसं फार वेळाचं नव्हतंच. मग तो वार्डाकडे पळाला.

काकांच्या खाटेवर दुसराच माणूस होता.

"रात्रीच गेले," साधना म्हणाली. "मी कमी देलं का जास्त, मले अजून माहीत नाही."

डॉक्टर म्हणाले, विषच फार भिनलं होतं. राजदीपला कोणी एका शब्दानं बोललं नाही, आणि तेच त्याला सोसवेना. तो खाटेशी खाली बसला आणि रडला.

तेवढ्यात वार्डातला स्क्रीन जागा झाला. लाल अक्षरं आली: नागोराव, इंजेक्शनची वेळ झाली. पाळीवरची नवी नर्स ते वाचून सुई घेऊन खाटेशी आली. खाटेवरच्या माणसानं हात मागं ओढला.

"मी नागोराव नाही, बाई," तो हळूच म्हणाला.