रत्नाचं रांगेतलं काम

रत्नाच्या भावाचा फोन आला तेव्हा मी शहाद्याच्या कॉलेजात प्रात्यक्षिक घेत होते. "ताई, रत्नानं काही खरं नही," तो म्हणाला. आवाजावरूनच कळलं, की जे व्हायचं ते होऊन गेलंय. तरी प्रकाशा गावाजवळच्या तापीच्या पुलावरून नंदुरबारकडे जाताना मी सारखी फोन बघत होते... वाटत होतं, आपल्या ऐकण्यात चूक झाली असेल.

रत्ना आणि मी एका वर्गात शिकलो. तिनं हाती घेतलं होतं ते बोललेली अहिराणी ऐकून लिहून काढणाऱ्या प्रोग्रामचं काम. दवाखान्यात बाहेरगावचे डॉक्टर येतात, पेशंट अहिराणीत दुखणं सांगतात, मधल्यामध्ये काहीतरी निसटतं. ते निसटू नये, एवढंच तिला हवं होतं. घरच्या लॅपटॉपला हे झेपणारं नव्हतं, म्हणून पुण्यातल्या एका संस्थेच्या क्लस्टरवर, म्हणजे एकत्र जोडलेल्या मोठ्या संगणकांवर, ती ते इथूनच चालवायची. कोड लिहायचा तो 'नोटबुक' नावाच्या पडद्यावरच्या वहीत, तुकड्या-तुकड्यानं. एक तुकडा चालवायचा, काय आलं ते बघायचं, मग पुढचा. पण नेट गेलं की केलेलं सगळं पाण्यात. त्यामुळे ती खुर्ची सोडायचीच नाही. दम लागायचा, पाय सुजायचे, तरी नाही.

"अख्खं काम बॅच जॉब म्हणून रांगेत लाव ना," मी सांगायचे. "नंबर आला की आपोआप चालेल. तू लॅपटॉप मिटून पड जरा."

"डोयासमोर नही ऱ्हायनं ते मन्हा जीव थाऱ्यावर ऱ्हास नही," ती म्हणायची.

मग तिच्या हृदयाची झडप बदलायचं ठरलं, सुरतेला. आता काम सोडून जाणं भागच होतं. तिनं ते रांगेत लावलं आणि सुरू होताच ते कोसळलं. मधला एक तुकडा तिनं कधीतरी पुसला होता. त्यातून आलेली माहिती चालू नोटबुकच्या आठवणीत तशीच शिल्लक राहिली होती, म्हणून तिच्यापुढे सगळं सुरळीत चालायचं. रांगेतलं काम मात्र कोऱ्या पाटीनं सुरू होतं. त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. रत्नाचा चेहरा उतरला. "आते ते मन्हाबिगर चालनं पाहिजे," ती म्हणाली, आणि पहिल्या ओळीपासून सगळं नीट लावायला बसली.

सुरतेच्या गाडीत ती शस्त्रक्रियेबद्दल अवाक्षर बोलली नाही. "बघ ना, सुरू झालं का?" एवढंच विचारत राहिली. आत नेतानाही तेच. मी बाहेर बाकावर बसले. एक डोळा दारावर, एक फोनवर. काम सुरू झालं... चालत राहिलं... आणि दार उघडायच्या आधीच पूर्ण झालं. तेव्हा तर मला जास्तच भीती वाटली. हे झालं, पण ती?

ती वाचली. शुद्धीवर आल्यावर मी सांगितलं, तर डोळे मिटून नुसती हसली. घरी आल्यावर ती खरोखरच काम रांगेत लावून झोपायला शिकली. मला वाटलं, आता काळजी मिटली. पण थोड्याच महिन्यांत ताप आला, संसर्ग नव्या झडपेपर्यंत गेला, आणि पुन्हा सुरत गाठायला वेळच मिळाला नाही.

गेल्या आठवड्यात मी तिच्या खोलीत बसले होते. तिचं काम आता माझ्याकडे आलंय. नव्या आवाजांची गरज होती. मावशी, म्हणजे रत्नाची आई, म्हणाल्या, "मी बोलू का?" काय बोलायचं ते त्यांना सुचेना. मग माइकजवळ तोंड नेऊन हळूच म्हणाल्या, "रत्ना, दोन घास जेवी ले व." मराठीत लेकीला लावतात तो 'गं', अहिराणीत 'व'.

मी ते रांगेत लावलं. चुकलं तर दुरुस्त कोण करणार? दुसऱ्या दिवशी सकाळी निकाल आला. मी वाचून दाखवला, "रत्ना, दोन घास जेवी ले."

मावशींनी पुन्हा वाचायला लावलं. मग माझ्याकडे बघत म्हणाल्या, "मन्हा 'व' कोठे गया?"