प्युरिटन शूर, मग माझी आई कोण?

"सवलतींसाठी देव पाण्यात टाकणारे तुम्ही लोक. तुम्हाला श्रद्धा काय कळणार?"

सर म्हणाले आणि अख्खा वर्ग फिदीफिदी हसला. मी उभी होते. बुलढाण्याच्या कॉलेजात, इतिहासाच्या तासाला. आमच्या वस्तीतून शिकायला आलेली एकटी मुलगी.

सर प्युरिटन शिकवत होते. इंग्लंडमधले कडवे ख्रिस्ती. राजाच्या चर्चमधला थाट, मूर्ती, मेणबत्त्या त्यांना नको होत्या. श्रद्धेसाठी घरदार सोडून ते समुद्रापार अमेरिकेला गेले. "केवढं धैर्य!" सर भारावून म्हणाले. मीही भारावले. धम्मदीक्षा घेतल्यावर आईनं देव्हाऱ्यातले देव नदीत सोडले होते. मूर्खासारखा हात वर करून मी तेच सांगितलं होतं.

"देवांची माफी माग, मगच बस. नाहीतर माझ्या तासाला यायचं नाही."

सवलतींसाठी म्हणे! दीक्षा घेतली आणि होत्या त्या केंद्राच्या सवलतीही बुडाल्या आमच्या; तेव्हा बौद्धांना त्या मिळत नसत. माझं डोकं फिरलं.

"सर, मूर्ती काढल्या म्हणून प्युरिटन शूर. मग माझी आई कोण?"

मी बसले. माफी न मागता. सर पुस्तक आपटून निघून गेले.

संध्याकाळी वाचनालयात मी पुढचं वाचलं. सरांनी न शिकवलेलं. याच प्युरिटनांनी अमेरिकेत वेगळी प्रार्थना करणाऱ्यांना चाबकानं फोडलं, हाकललं, काहींना फासावर दिलं. छळ सोसून आलेली माणसं! मला चैन पडेना.

सुट्टी लागली. गावी गेले तर आमचीच पोरं शेजारच्या म्हातारीच्या दारात. तिनं मरीआई अजून घरात ठेवली होती.

"फेक ते, आन् समद्यायची माफी माग!"

आई मधे पडली.

"काऊन बे? माह्ये देव म्या माह्या हातानं सोडले. मले कोनं हुकूम केला होता? तिले वाटन तवा ते सोडन."

पोरं हटेनात. त्यांच्यात माझा भाऊही होता. मी आईशेजारी जाऊन उभी राहिले. आमच्याच माणसांसमोर. सरांसमोर वाटली नव्हती एवढी भीती वाटली.

सुट्टीनंतर सर दारात अडवणार, ठाऊक होतं. तरी मी वर्गात बसणार होते. माफी मागणार नव्हते. आणि माझ्या देखत कुणाकडून उकळूही देणार नव्हते. मग समोर सर असोत, नाहीतर माझा सख्खा भाऊ.