दाजींचं आणि देशाचं कर्ज

देशाच्या कर्जाबद्दल कुणी अडाण्यासारखं बोललं म्हणून भर ट्रॅफिकमध्ये कंपनीच्या बसमधून उतरून कुरुळीपासून चाकणपर्यंत तरातरा चालत जाणारा माणूस साऱ्या महाराष्ट्रात एकच असेल, आणि तो नेमका माझ्या बहिणीच्या वाट्याला आला. आमचे दाजी! शेजारचा फिटर एवढंच म्हणाला होता, की प्रत्येकाच्या डोक्यावर म्हणे एवढं एवढं कर्ज आहे. दाजी भडकले. "डोक्यांनी काय भागायलास राव? देशाच्या कमाईशी ताडून बघ! आणि घेतलं कुणाकडून? तुझा पीएफ सरकारी रोख्यांत जातो. म्हणजे सरकारच तुझं देणं लागतंय, येड्या!" फिटर हसला आणि दाजी उतरले. अर्ध्या दिवसाचा पगार गेला.

दाजी क्वालिटी इन्स्पेक्टर. मापात नसलेला जॉब, म्हणजे मशीनवर घडवलेला भाग, ते मालकाच्या मेहुण्याचाही परत पाठवत, आणि शब्दांनाही तोच न्याय. टीव्हीवर कुणी तूट आणि कर्ज यांची गल्लत केली, की हे ताटावरून उठणार. माझ्या साखरपुड्यात त्यांनी माझ्या होणाऱ्या सासऱ्यांना कोपऱ्यात गाठलं. "आजच्या शिफ्टला जेवढे जॉब रिजेक्ट, ती तूट. आजवर साठलेला ढीग, ते कर्ज. अन् जुनं फेडायला नवं काढणं ही लबाडी न्हाई, सगळे देश तेच करतात." सासरे अजूनही त्यांच्याविषयी जपूनच चौकशी करतात.

पण माझा खरा संताप वेगळाच आहे. कर्ज काढून रस्ता बांधला तर पुढची पिढी त्यावरून चालते, असं दुनियेला पटवणाऱ्या या गृहस्थांनी स्वतः कधी रुपयाचं कर्ज काढलं नाही. ताईला स्वतःचं घर हवं होतं. रहाटणीतला दोन खोल्यांचा फ्लॅट तिने तीनदा पाहिला होता. ओट्यावर मिक्सर कुठे ठेवायचा इथपर्यंत ठरलं होतं. सहीची वेळ आली की दाजी म्हणणार, "उद्या कंपनी बंद पडली तर? मी काय सरकार हाय व्हय?" ताईने भोसरीत भाड्याच्या खोल्या बदलत संसार केला, आणि दर वेळी तिचे डबे पोत्यात भरताना मी या माणसाला मनातल्या मनात शिव्या घातल्या.

गेल्या वर्षी, निवृत्ती तोंडावर आलेली असताना, दाजी इस्त्रीचा शर्ट घालून, ताईला न सांगता, मला घेऊन घराच्या कर्जासाठी बँकेत गेले. तिथली मुलगी नम्रपणे म्हणाली, "काका, आता एवढ्या थोड्या दिवसांत हप्ते बसणार नाहीत." ते वाद घालतील म्हणून मी सावरून बसलो. त्यांनी कागद गोळा केले आणि ते उठले. बाहेर पायरीवर बसल्यावर म्हणाले, "देश रिटायर होत न्हाई राव. माणूस होतो." मग, "तुझ्या ताईला काय सांगू?"

इतक्या वर्षांचा राग त्यांच्यावर काढायची हीच वेळ होती, पण मला त्यांची फार दया आली. भोसरीकडे जाणाऱ्या दोन शेअर रिक्षा समोरून गेल्या. आम्ही एकीलाही हात केला नाही.