तुडीलचं वर्कस्टेशन

डिप्लोमा झाल्यावर दोन वर्षं मी महाडला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. घर पोलादपूरला. सकाळी सातची एसटी, संध्याकाळी सहाची परत. क्लासात आठ पीसी होते, त्यातले पाच चालायचे, आणि ते पाच चालते ठेवायचं कामही माझ्याच गळ्यात होतं. शिकवायचं काय, तर पत्र टाइप करणं आणि तक्ता आखणं. इलेक्ट्रॉनिक्स शिकून आलेल्या हातांना त्यात काहीच करायला नव्हतं. पुण्याला अर्ज पाठवायचे, उत्तर यायचं नाही. घरी जेवताना मी ताटावरून दोनदा तरी उठायचे. आई म्हणायची, "बस गो एका जागी. मुंग्या चावतात का तुला?"

एका दुपारी क्लासात एक गृहस्थ आले. साठीचे, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. त्यांनी विचारलं, "इथं वर्कस्टेशन दुरुस्त करणारं कोण आहे का?"

क्लासचे मालक म्हणाले, "चाचा, इथं स्टेशन एकच, रेल्वेचं, ते वीरला."

ते हसले नाहीत. खिशातून एक कागद काढून त्यांनी माझ्या टेबलावर उलगडला. मशीनच्या मागच्या बाजूचं चित्र होतं. प्रत्येक सॉकेट, प्रत्येक स्क्रू, खाली मापं मिलिमीटरमध्ये. अक्षरं छापल्यासारखी. मी ते चित्र बघत राहिले आणि म्हटलं, "रविवारी येते."

महाडजवळच्या तुडील गावात त्यांचं घर खाडीकडे तोंड करून होतं. बावीस वर्षं ते आखातात एका तेलाच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. आधी बोर्डावर, शाईनं. शेवटची आठ-नऊ वर्षं वर्कस्टेशनवर. साध्या पीसीला पेलणार नाहीत अशा कामांसाठी तेव्हा ही मशीनं असायची, विंडोजऐवजी युनिक्सवर चालणारी. कंपनीनं नवी घेतली, जुनी भंगारात काढली. चाचांनी निवृत्त होताना आपलं मागून घेतलं. "बाकीचे टीव्ही घेऊन आले," ते म्हणाले, "मी हे आणलं."

साडीच्या मोठ्या खोक्याएवढा चपटा डबा आणि त्यावर एकट्याला उचलणार नाही असा मॉनिटर. आखातातून बोटीनं आलेलं हे सामान दिवाणखान्यात मधोमध मांडलेलं. त्यांनी बटण दाबलं. पंखा फिरला, पांढऱ्या पडद्यावर काळ्या अक्षरांत दोन ओळी आल्या, आणि शेवटी एकच शब्द: ओके.

"वर्ष झालं," चाचा म्हणाले. "रोज चालू करतो. ओके म्हणतं आणि गप्प बसतं."

चाची दारात उभ्या राहून हे बघत होत्या. मला सांदण आणि चहा देताना हळूच म्हणाल्या, "बावीस वरसं दोन वरसातनं दोन म्हयने यायचे. आता घरात हायत, पन बसायला जागाच गावत नाय त्यांना. ह्या खोलीतनं त्या खोलीत. अंगणातनं खाडीवर. हे चालू झालं की एका जागी बसतील ना गो?"

मी हो म्हटलं. माझ्या आईचं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यासारखं झालं.

पहिल्या रविवारी मला एवढंच कळलं की हार्ड डिस्क फिरतच नाही. पंख्याच्या घरघरीत ते ऐकू येत नव्हतं, म्हणून मी स्क्रूड्रायव्हरचं टोक डिस्कच्या अंगावर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. आत काहीही हलत नव्हतं. चाचांनीही ऐकलं. डॉक्टरनं वाईट बातमी द्यावी तसं ते माझ्याकडे बघायला लागले.

महाडच्या बाजारात तेव्हा नुकतंच सायबर कॅफे झालं होतं. क्लास सुटल्यावर मी तिथे जायला लागले. पान उघडायला पाच मिनिटं, तेवढ्यात वीज जायची. तरी मला इंटरनेटवर एक मंडळ सापडलं, जुनी वर्कस्टेशन सांभाळणाऱ्या लोकांचं. मोडक्या इंग्रजीत मी प्रश्न टाकला. दोन दिवसांनी कुणीतरी उत्तर दिलं, कुठल्या देशातून तेही मला कळलं नाही. डिस्क बरेच महिने बंद राहिली की वाचणारं डोकं तबकडीला चिकटून बसतं. डिस्क हातात धर आणि मनगटातून एकदम झटका दे, पिळल्यासारखा. आपटू नकोस. आणखीही लिहिलं होतं: पडद्यावरच्या दुसऱ्या ओळीचा अर्थ असा की मशीनच्या एका चिपमधली बॅटरी संपली आहे. ती बॅटरी चिपच्या पोटातच असते, बदलता येत नाही. त्यामुळे मशीन आपला स्वतःचा नंबर विसरलं आहे. ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर तो नंबर बघूनच उघडतं. जुना नंबर माहीत असेल तर हातानं परत टाइप करता येतो. कसा, तेही चौदा ओळींत दिलं होतं. प्रिंटर बंद होता म्हणून मी त्या ओळी वहीत उतरवून घेतल्या. नंबर माहीत नसेल तर सॉफ्टवेअर विसरा, असं शेवटी लिहिलेलं.

दुसऱ्या रविवारी डिस्क हातात घेऊन मी अंगणात उभी राहिले. एक झटका दिला. दुसरा दिला. तिसऱ्याला आतून बारीक काहीतरी सुटल्याचं जाणवलं. जोडून बटण दाबलं तर पंख्याच्या आवाजाखालून एक चढत जाणारी शीळ आली. चाचा खुर्चीवर टेकले. "हाच तो आवाज," म्हणाले. "रोज सकाळी साडेसहाला."

मग मी त्यांना नंबराचं विचारलं. मला आशा नव्हती. कोण लिहून ठेवतं असलं काही? चाचा उठले, कपाटातून एक काळी डायरी काढली. मशीन पहिल्यांदा त्यांच्या टेबलावर आलं त्या दिवशी पडद्यावर जे जे दिसलं ते सगळं त्यांनी उतरवून ठेवलं होतं. "ड्रॉइंग सुरू करायच्या आधी कागदाचा नंबर टाकायची सवय," ते म्हणाले. आकडे आणि इंग्रजी अक्षरं मिळून बारा खुणा, त्याच छापील वळणात.

तेव्हाच बसून शांतपणे टाइप केलं असतं तर काम त्याच दिवशी झालं असतं. पण परतीची गाडी चुकेल असं मला वाटत होतं, आणि त्याहून जास्त म्हणजे मला धीरच नव्हता. डायरीतला नंबर वहीत उतरवला, वही कीबोर्डवर ठेवली आणि मी भराभर ओळी ठोकल्या. मशीन सुरू झालं. ओळींमागून ओळी सरकल्या, नाव आणि पासवर्ड विचारला. चाचांनी न अडखळता टाकला. मी ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर उघडायला गेले आणि पडद्यावर चौकट आली: या मशीनला परवाना नाही.

मी पुन्हा सगळं केलं. तेच. तिसऱ्यांदा करायला गेले तर वीज गेली.

पुढचे दोन रविवार असेच गेले. वीज गेली की नंबर पुसला जायचा, आणि पहिल्यापासून सुरुवात. दर वेळी मी आधीपेक्षा जास्त घाईनं टाइप करत होते. मंडळावर परत विचारलं, कुणी उत्तर दिलं नाही. आठवडाभर क्लासात पोरांना तक्ते शिकवताना माझ्या डोक्यात त्याच बारा खुणा फिरायच्या. एका मुलीनं मला दोनदा हाक मारली तरी मी ऐकलं नाही. एसटीत खिडकीशी बसून मी हिशेब लावायचे की चिप खराब असेल, की परवाना संपला असेल, की तो उत्तर देणारा माणूसच चुकला असेल.

पाचव्या रविवारी मी चिडले. चाचांना म्हटलं, "तुमच्या डायरीतच काहीतरी चूक आहे. तुम्ही उतरवताना चुकला असाल."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला.

चाचा रागावले नाहीत. चष्मा पुसला आणि म्हणाले, "बावीस वर्षांत माझं एक ड्रॉइंग परत आलं नाही. तरी चूक असेल. आपण तपासू. तू टाइप करू नको. जे टाइप केलंस ते फक्त वाचून दाखव. मी डायरी बघतो."

मी वाचायला लागले. सातव्या खुणेला त्यांनी बोट वर केलं. "परत."

मी परत वाचलं.

"तू म्हणतेस सी चार. माझ्याकडे चार सी."

मी वहीत बघितलं. दुसऱ्या रविवारी मी डायरीतून तो नंबर वहीत उतरवला होता आणि उतरवतानाच उलटा लिहिला होता. नंतर दर वेळी मी डायरीऐवजी वहीतून टाइप करत होते, कारण वही हाताशी होती. तीन आठवडे मी माझीच चूक पुनःपुन्हा त्या मशीनला सांगत होते.

मी माफी मागायला लागले तर चाचा म्हणाले, "तिकडं हे काम दोघं करायचे. एक काढायचा, एक तपासायचा. एकट्याचं काम नाय हे. चल, टाक."

मी टाइप केलं, ते प्रत्येक ओळीला "बरोबर" म्हणत गेले. सॉफ्टवेअर उघडलं.

पाइपांचं एक जंगल पडद्यावर आलं. हिरव्या, पिवळ्या रेघा, व्हॉल्व, टाक्या. चाचांनी माऊस हातात घेतला आणि ते एकदम सरळ बसले. एकेक ड्रॉइंग उघडत होते, बंद करत होते. कोपऱ्यातल्या चौकटीत त्यांचं नाव होतं. त्यांनी चाचींना हाक मारली. चाची पदराला हात पुसत आल्या.

"हे बघ. हे सगळं मी काढलं."

चाची बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ह्याच्यात तुमची खोली खयची?"

चाचा थांबले. "खोली नाय ह्याच्यात. हा कारखाना आहे."

"मला कारखान्यातला काय समजतो," चाची म्हणाल्या आणि आत गेल्या.

मला वाटलं, त्यांना वाईट वाटलं. मी गाडीच्या वेळेचं निमित्त करून निघाले.

सहाव्या रविवारी माझं खरं म्हणजे काही काम नव्हतं. मशीन कसं चाललंय एवढं बघायला गेले. चाचांनी चौदा ओळी एका कार्डावर लिहून मॉनिटरला चिकटवल्या होत्या. वीज गेली की ते स्वतः टाइप करायचे, चाची बाजूला बसून आकडे आणि अक्षरं एकेक करून कार्डाशी ताडून बघायच्या. त्या दिवशी पडद्यावर कारखाना नव्हता. एक खोली होती, वरून बघितलेली. बारा फूट बाय दहा. सहा खाटा, दोन दोन वर खाली. एक खिडकी. दारामागे खिळा. कोपऱ्यात शेगडी.

चाचा बोट लावून सांगत होते. "ही माझी खाट. खालची. वरती केरळचा एक होता, अकरा वर्षं. हा खिळा, इथं माझी पिशवी. ही खिडकी, पन उघडायची नाय, बाहेर वाळू."

"इतुकशी?" चाची म्हणाल्या.

"मापात काढलीय."

"तुमी तर सांगायचेत मोठी खोली हाय."

"तेव्हा फोनवर काय सांगायचं होतं?"

चाचींनी सहा खाटांवर पडद्याला न टेकवता बोट फिरवलं, मग त्या दाराच्या खिळ्यापाशी थांबल्या. "ह्यो चुकलाव. कपडे टांगायला एकच खिळा? सा माणसांला?"

"एकच होता," चाचा म्हणाले.

त्यांनी मला ते ड्रॉइंग छापायला फ्लॉपीवर दिलं. साध्या पीसीला वाचता येईल अशा रूपात ते काढायला आम्हाला तासभर लागला. क्लासातल्या प्रिंटरवर मी ते चार कागदांवर छापून चिकटपट्टीनं जोडलं आणि एसटीच्या कंडक्टरकडे देऊन तुडीलला पाठवलं.

त्यानंतर महिनाभरात चाचांना महाडच्या एमआयडीसीत एका फॅब्रिकेशनच्या कंत्राटदाराकडे काम मिळालं, ड्रॉइंग तपासायचं. तिथे सगळं पीसीवर होतं, ते आठवडाभरात शिकले. मला पुण्याहून एक उत्तर आलं, मग दुसरं. मुलाखतीला जायच्या आदल्या आठवड्यात ते मला महाडच्या स्टँडवर भेटले, हातात डबा, खिशाला तीच दोन पेनं.

"मशीन कसं आहे?" मी विचारलं.

"चादर घातलीय वरनं. पावसात डिस्कचं डोकं परत चिकटलं असेल. चालू करायला आता वेळ कुठं?"

"मला बोलवायचंत की."

"बोलवेन," ते म्हणाले, पण ते बोलावणार नाहीत हे आम्हा दोघांनाही कळत होतं. चाचींनी तो चार कागदांचा प्रिंट कपाटात साड्यांखाली ठेवलाय आणि शेजारच्या बायकांना दाखवतात, हेही त्यांनी सांगितलं, जरा तक्रारीच्या सुरात.

मला थोडं वाईट वाटलं. सहा रविवार मी त्या डब्यात घातले होते आणि आता त्यावर चादर होती. काहीतरी आणखी विचारावं असं मनात होतं, पण फलाटावर पोलादपूरची गाडी लागली, लोक दाराकडे धावले, आणि मीही पळत जाऊन खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली.