शमीमखालाची रकाबी

उतारे, नवस, भुतंखेतं... यातलं काही मी मानत नाही. दारव्ह्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. छंद एकच, तोही बायकोच्या डोक्याला ताप — जुनी चिनी भांडी. चीनमध्ये हाताने रंगवून जहाजाने परदेशी विकायला पाठवलेली.

दिग्रसच्या शमीमखालाकडे अशी एक रकाबी, म्हणजे पसरट बशी, होती. काठाला गुलाबी फुलं, मधली जागा कोरी. घरातली बाई बाळंतपणात अडली की मौलवीसाहेब त्या जागेवर केशराने दुआ लिहायचे आणि ती धुतलेलं पाणी बाईला पाजायचे. वर्षानुवर्षं मागे लागल्यावर खालाने ती मला फोटोपुरती दिली.

"आठ दिवसांत आनून द्या, सर. शबानाले आठवा चालू हाय."

शबाना तिची मुलगी, पहिलीच खेप.

रकाबीच्या मधोमध पिवळा डाग होता. डाग दिसला की आम्हा संग्राहकांचे हात शिवशिवतात. खालाला न विचारता रविवारी सकाळी मी ती टबात फिल्टरच्या पाण्यात बुडवली. तासाभरात डाग गेला, पाणी पिवळं झालं. ठीक, जुनं केशर सुटलं. पाणी ओतून नवं भरलं — पुन्हा पिवळं. तेही ओतलं. तिसऱ्यांदा टब बदलला, सीलबंद बाटली फोडली. माझ्या डोळ्यांदेखत तेही पिवळं होत गेलं. बायको दारातच थबकली. मी घाबरलो, खोटं कशाला सांगू?

तेवढ्यात खालाचा फोन.

"सर, शबानाले कळा येऊन राह्यल्या. बाळ आडवं हाय. डॉक्टर यवतमाळले न्या म्हनते, गाडी अजून आली नाही... रकाबी आना."

"खाला, मी ती धुतली. सगळं केशर गेलं."

"पानी फेकलं?"

"दोनदा. तिसरं आहे."

"तेच आना."

ते पाणी बरणीत भरून, रकाबी घेऊन मी स्कूटर कशी हाकली, माझं मला ठाऊक. दिग्रसच्या दवाखान्यात शबानाने दोन घोट घेतले. गाडी आली, तिला स्ट्रेचरवर घेण्याआधी डॉक्टरांनी पुन्हा तपासलं. बाळ वळलं होतं. तासाभरात तिथेच मुलगी झाली.

"कधी कधी आपसूक वळतं," डॉक्टर म्हणाले. मान्य. पण सीलबंद बाटलीतल्या पाण्यात केशर कुठून आलं? तपासायला थेंबही उरला नव्हता. खालाने राहिलेलं सगळं पाणी शबानाला पाजलं होतं.

निघताना खालाने रकाबी माझ्या हातात ठेवली. "घेऊन जा, सर. आमचं काम झालं."

इतकी वर्षं या रकाबीसाठी जीव टाकला होता. तरी मी ती परत केली आणि दुपट्यातल्या पोरीकडे बोट दाखवलं. म्हटलं, "हिला लागेल."

हे मीच बोललो. का, ते अजून मला सांगता येत नाही.